सव्विसाव्या ओळीतली मानकरी

समितीनं निवडला तो मानकरी? एवढंच होय? — बरं, ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणता तर असेल तसं. पण मग एवढ्याशा गोष्टीसाठी तो शब्द फळ्याच्या माथ्यावर वीतवीतभर अक्षरांत कशाला लिहायला लावला होता दवाखान्यानं? तीनदा उजळलाय मी तो, तीनदा. हवा गार झाली की माझा उजवा खांदा अजून त्याची आठवण काढतो. — बसा ना. असं दारात उभं राहून कागद पुढे धरलात की मला वाटतं वॉरंटच आलं. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर पुतणीचे कपडे आहेत इस्त्रीचे, पांढरे — पांढऱ्याला नुसतं बघितलं तरी डाग पडतो. इथं खाटेवर बसा, मी पाय आखडते. हं. आता वाचा, कशाखाली अंगठा हवाय माझा, काय लिहिलंय त्यात. — हं. — हं. थांबा, तेवढं पुन्हा वाचा. "रंगाऱ्याच्या नजरचुकीने". वा! नजर असती तर चुकली असती ना बाई. ती सव्विसावी ओळ रंगली तेव्हा ह्यांची नजर जाऊन सात वर्षं झाली होती. — झालं. निघालं तोंडातून. चोवीस वर्षं दातांआड धरलेलं, आणि तुम्ही येऊन पाच मिनिटं नाही झाली.

बघू नका अशा. हे रंगारी होते, दवाखान्याचे, पगारी. दारावरचे नंबर, खाटांचे नंबर, "शांतता राखा", "येथे थुंकू नये" — सगळं ह्यांच्या हातचं. आणि पोर्चमधला तो मोठा काळा फळा, दरवर्षी एक नाव, सोनेरी. अक्षर असं की डॉक्टर लोक आपलं नाव बघायला दोनदा जिना उतरायचे, वर विसरलो काहीतरी म्हणून. मग डोळ्यांत पडदा आला. आधी एका, मग दुसऱ्या. रंगाऱ्याला दिसत नाही हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर ही खोली. म्हणून मी शिडीवर चढायला लागले. हे खाली स्टुलावर डबा मांडीत घेऊन, तोंड वर करून, जसं काही बघतायत. "डावीकडे घे, हां, पोट भर त्याचं" — उगाच आपलं ठोकून द्यायचे. लोकांना वाटायचं नवरा आखून देतो, बायको नुसती भरते. आंधळा खाली आणि अडाणी वर! दोघांनी मिळून वीस नावं रंगवली, विसाव्या ओळीपासून एकोणचाळिसाव्यापर्यंत, एकानंही बोट दाखवलं नाही.

मला वाचता येत नाही हो. आधीच सांगते, नाहीतर मघाशी तुम्ही कागद दिलात तो मी उलटा धरला होता हे तुम्ही बघितलंच आहे. ऑफिसातून चिठ्ठी यायची नावाची. मी तिच्यावर बारीक चौकटी आखायचे, मग मोठ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि कुठली रेघ कुठल्या चौकटीत वळते, कुठं गाठ मारते, ते बघत बघत उतरवायचं. मग टाचणीनं भोकं पाडायची, कागद फळ्याला लावून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची — खाली ठिपक्याठिपक्यांचं नाव उमटतं. ह्यांची शिकवण होती, आधी अक्षर, मग डोक्यावरची रेघ. मी उलटं करायचे. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे. म्हणून बघा, ह्यांच्या ओळी ताठ आहेत आणि माझ्यातली अक्षरं थोडी लोंबतात. नीट बघितलं तर कळतं. पण फळा नीट बघतो कोण? ज्याचं नाव असतं तो, आणि रंगवणारी.

तर तो शब्द. मला वीस वर्षं रोज छळत होता — एवढा मोठा, एवढा ऐटदार, आणि हा म्हणतो काय? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मानकरी. आणि भोवती पानं." बास. नवरे लोकांना कुठं सांगता येतं. मग एकदा मी शिडीवर असताना मोठे डॉक्टर खालून चालले होते, पांढऱ्या मिशांचे, आम्ही मिशीवालेच म्हणायचो. धीर केला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मानकरी म्हणजे हो काय? आणि ही दोन डहाळ्या वाकवून पानं काढलीत ती कशाला, आपल्याकडे तर हे झाडही नाही. उभे राहिले बिचारे. माणसाला कोणी आवडीचं विचारलं की घाई कशी पळते बघा. म्हणाले, शब्द आहे मानाचा. पूर्वी राजाच्या बैठकीत ज्यांना बसायचा मान असायचा ते मानकरी. मी म्हटलं, आणि काम? म्हणाले, काम असंच नाही, मान आहे म्हणून बसायचं. आणि पानं? पानं म्हणाले फार लांबच्या देशातली. तिथं जुन्या काळी जो शर्यतीत पळून पहिला यायचा, किंवा चांगलं कवन करायचा, त्याच्या डोक्यावर पाल्याचं कडं घालायचे. सोनं नाही, चांदी नाही — नुसता पाला. आणि त्या झाडाच्या नावावरनं तिकडचा मानकऱ्याचा शब्द झाला, अजून तोच चालतो, जगातली मोठमोठी बक्षिसं मिळवलेल्यांना तेच म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे तिकडे पळायचं आणि आपल्याकडे बसायचं! हसले. मिशी हलेपर्यंत हसले. मग जाता जाता म्हणाले, "दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे बाई. बाकीच्यांनी उभं राहायचं."

ते माझ्या डोक्यात राहिलं. मानकरी म्हणजे ज्याच्यासाठी बाकीच्यांनी उभं राहायचं. समिती नंतर येते हो. समिती काय, चहा पिते आणि सही करते.

— काय? कुठली पदवी? थांबा थांबा, काय म्हणालात? तुमच्या साहेबांनी पत्र लिहून विचारलं, "वॉ. ७" ही कुठल्या विद्यापीठाची पदवी म्हणून? (हसू द्या मला जरा. पाणी द्या तो तांब्या. खोकला येतो हसले की.) अहो, आणि उत्तर आलं? — "आमच्याकडे नाही, परदेशी असावी". अगं आई. वॉर्ड नंबर सात, ताई. वॉर्ड सात! तिचा बिल्ला होता पत्र्याचा, छातीवर लावायचा, त्याच्यावर होतं ते. वर नाव, खाली वॉर्ड. मला काय कळणार कुठं नाव संपतं आणि कुठं वॉर्ड लागतो? मी चौकटी आखल्या आणि अख्खा बिल्ला उतरवला, टिंबासकट. बाकीच्यांच्या नावापुढे पण असतात की टिंबं. शोभलं. चोवीस वर्षं शोभलं.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ बोटीवर होता, एकदा गेला तो तिकडचाच झाला, पत्र नाही की निरोप नाही. ही पोरीला कडेवर घेऊन ह्याच खोलीत राहिली, ह्या पडद्याच्या पलीकडे. आणि मी काही चांगली वागले असं समजू नका. दोन जावा आणि एक चूल — भांड्याला भांडं लागायचं आणि ते वाजतंच राहायचं. ती सोळा वर्षांनी लहान, पण जीभ अशी की कात्रीनं हेवा करावा. मी काही म्हटलं की म्हणायची, "जाऊबाई, तुमचं बरोबर आहे, तुमचं नेहमीच बरोबर असतं, म्हणूनच तुमच्याशी कोणी बोलत नाही." आणि वर हसायची. मला उत्तर सकाळी सुचायचं, तेव्हा ती कामाला गेलेली. आया होती ना दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात.

मग ते तापाचं वर्ष. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. वॉर्ड सात वेगळा काढला होता, मागच्या अंगाला, त्याच्या खिडक्यांना कागद चिकटवलेले. आत गेलेली बाई महिना-महिना बाहेर नाही. चार आया पळून गेल्या, दोघी आडव्या झाल्या. तेव्हा मेट्रन बाई आमच्या चाळीतनं दारोदार फिरली — दवाखान्याच्या खोल्यांत राहता ना, मग घरटी एक बाई द्या. धाकटीला लहान पोर, चार वर्षांची. तिला सूट होती. आमच्या घरातनं जायचं ते मी. सरळ होतं. नाव पण लिहून नेलं मेट्रननं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं.

आणि मग काय झालं म्हणजे — मला त्या दिवशी बरं नव्हतं. अंग मोडून आलं होतं. डोक्याला फडकं बांधून पडले होते मी, इथंच, ह्याच खाटेवर. त्यामुळे ती गेली माझ्या ऐवजी. असं झालं ते. — असं मी सगळ्यांना सांगत आलेय.

— तुम्ही काही म्हणाला नाहीत. म्हणू नका. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त बोलावंसं वाटतं, ही तुम्हाला ऑफिसात शिकवतात का युक्ती? बरं नव्हतं कसलं. मला काही झालं नव्हतं. ठणठणीत होते. भ्यायले होते, आणि फडकं बांधून कण्हत पडले होते, पहाटेपासून. पन्नाशीची बाई. हे डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत, त्यांना कळलं असणार, कण्हण्यात पण खरं-खोटं असतं. धाकटी उठली, चूल पेटवली, माझ्याकडे एकदा बघितलं, जवळ आली, कपाळाला हात लावला. हात ऊन लागला मला, चुलीपुढचा. म्हणजे माझं कपाळ तिला किती गार लागलं असेल सांगा. म्हणाली, "उठा जाऊबाई, फडकं सोडा, खरंच डोकं दुखायला लागेल. मी जाते. तुमचं हे तोंड घेऊन गेलात तर रोगी आधीच घाबरून मरतील." — हसून म्हणाली हो! पोरीचं तोंड पुसलं आणि निघाली. मी फडकं लगेच सोडलं नाही, ऐका. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बांधून ठेवलं होतं.

सदतीस दिवस. रोज दुपारी आम्ही सगळ्या चाळीतल्या बायका मागच्या अंगाला उभ्या राहायचो, लांब, झाडाखाली, आणि आतल्या बायका खिडकीचा कागद फाडून दाखवायच्या आपापलं तोंड. ती ओरडायची तिकडनं. काय ओरडायची? पोरीचे केस कापा, उवा होतील. पोरीला गार पाणी देऊ नका. आणि एकदा, सगळ्यांसमोर, "जाऊबाई, ताप उतरला का?" सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणाल्या, अगं हो, कशी आहे तब्येत. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण ती कोणाला बोलली नाही. तेवढी एक टोचणी मारली, आपल्या हक्काची, आणि संपवलं. मिशीवाले नंतर म्हणाले, त्या वॉर्डात साठ माणसं होती आणि त्यातली चाळीस उठून घरी गेली ती तिच्यामुळे. चमच्यानं पाणी पाजायची, रात्र-दिवस, एकेका चमच्यानं. औषध नव्हतंच तेव्हा त्याच्यावर, पाणी हेच औषध. अडतिसाव्या दिवशी खिडकीला दुसरीच बाई आली.

कपडे उकळून दिले आम्हाला, गाठोडं बांधून. त्यात बिल्ला होता, वॉर्ड सातात गेल्यावर मिळालेला.

त्या वर्षी समिती बसलीच नाही. सगळे दमले होते, दोन डॉक्टर गेले, कोणाला निवडायचं आणि कोणी. फळ्यावर वर्षांचे आकडे ह्यांनी आधीच पुढपर्यंत घालून ठेवलेले. सव्विसावा आकडा आणि पुढे नुसतं काळं लाकूड. दात पडलेल्या तोंडासारखी ती जागा. मी पोर्चमधनं गेले की ती माझ्याकडे बघायची. पुढच्या वर्षी सत्ताविसाव्याचं नाव आलं चिठ्ठीवर. मी दोन कागद टोचून नेले. शिडी चौकीदारानं धरली होती, दांडगा गडी, तोच आदल्या वर्षी वॉर्ड सातातनं चालत बाहेर आलेला. म्हणाला, "दोन का आज?" म्हटलं, एक मागचं राहिलं होतं. कोणाचं? सांगितलं. त्यानं विडी टाकली आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. खाली हे स्टुलावर. म्हणाले, "आज सोनेरी जास्त उघडलंस वाटतं, वास येतोय." म्हटलं, हो. म्हणाले, "रेघ तरी सरळ काढलीस ना?" एवढंच. त्यानंतर तेरा वर्षं जगले, पुन्हा विषय नाही.

तेव्हा आता लिहा तुमच्या कागदात नीट. नजरचूक नाही, रंगारी नाही. बायकोनं केलं, जाणूनबुजून. आणि मान द्यायला केलं असंही लिहू नका, कारण मला काय अधिकार मान द्यायचा? मला फक्त झोप येत नव्हती. — झोप आली का म्हणता? नाही. तशीच राहिली. पण मग दुसरंच होऊन बसलं, जे मी धरलं नव्हतं मनात. पोरगी.

सहा वर्षांची असेल, नुकतं वाचायला लागलेली, रस्त्यावरच्या पाट्या वाचत चालायची, कान किटायचे. मी औषधाला नेलं होतं तिला. पोर्चमध्ये उभी राहिली, मान वर करून, आणि मोठ्यानं वाचायला लागली — आणि तिच्या तोंडून तिच्या आईचं नाव आलं. "मोठी आई, आईचं नाव! वरती काय लिहिलंय? मान-करी. मानकरी म्हणजे काय?" सगळे बघायला लागले. काय सांगणार होते मी? म्हटलं, ज्याच्यासाठी बाकीच्यांनी उभं राहायचं तो. म्हणाली, "दवाखान्यानं दिलं हे आईला?" — म्हटलं, हो. दवाखान्यानं दिलं. एका शब्दाचं काम होतं ताई, "हो". त्या "हो"वर ती वाढली. शाळेत निबंध लिहिला त्याच्यावर. नर्स झाली, ह्याच दवाखान्यात, दुसरीकडे बोलावत होते तरी. रोज कामावर जाताना त्या फळ्याखाली अर्धा क्षण थांबते — मला चौकीदाराच्या सुनेनं सांगितलं. आणि मागच्या महिन्यात तुमच्या साहेबांनी पन्नास वर्षांचं पुस्तक काढतोय म्हटल्यावर हीच धावत आली सांगत, मोठी आई, आईचं नाव छापून येणार.

आणि तुम्ही म्हणता परवा फळा उतरवून घासणार, आणि त्या जागी "या वर्षी पुरस्कार दिला गेला नाही".

करा. खरंच आहे ते, दिला गेला नव्हताच. मी तुम्हाला अडवत नाही, माझ्यात आता अडवायचंही त्राण नाही. तुम्ही आलात तेव्हा मी ठरवलं होतं, तुमच्यापुढे रडायचं, हात जोडायचे, म्हणायचं पोरीला कळू देऊ नका, तिच्यासाठी राहू द्या. पण आता बोलता बोलता मलाच कळतंय की मी पोरीसाठी म्हणत नव्हते. नाव पुसलं तर तिला तिच्या आईचं काय कमी होणार आहे? चाळीस माणसं घरी गेलीच ना? कमी होणार ते माझं. तिला विचारावं लागेल, मग लिहिलं कोणी, आणि का. आणि का म्हटलं की ते फडकं आलंच. इतकी वर्षं तिनं मला मोठी आई म्हटलंय, माझे पाय चेपलेत, आजारी पडले की माझ्या कपाळाला हात लावून बघते — अगदी तसाच लावते, उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं. आणि मी डोळे मिटून घेते. दर वेळी.

तू काय म्हणतेस, तुझ्या आईनं— माफ करा, तुम्हाला पोरगीच समजून बोलले. म्हातारपण. तुम्ही का डोळे पुसताय? तुमच्यात कोणी नाही ना वॉर्ड साताचं? — आजोबा? घरी आले ते, का... — आले. हं. म्हणजे त्यांना पाजलं असेल तिनं चमच्यानं. बघा. आणि तुम्हाला पाठवलंय ऑफिसनं ते नाव पुसायला. आता तुम्ही तुमच्या साहेबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

फाटक वाजलं. तीच. चपला काढायला वेळ लावते ती, पाय सुजतात दिवसभर उभं राहून. नाही — कागद घडी करू नका. पिशवीत नको. टेबलावर ठेवा, उघडा, तसाच. मला वाचता येत नाही ना. दवाखान्यातून आलेला कागद तीच वाचून दाखवते मला. आजचाही तीच वाचेल. — अंगठा आज नाही. आज तुम्ही निघा. मागच्या दारानं कशाला, पुढूनच जा.

ये ग. हात धू आधी. ह्या ऑफिसातल्या ताई, निघाल्याच आहेत. तू बस इथं. नाही, उभी नको. बस.